संख्याशास्त्राच्या सरावासाठी ‘आर’: आठ महिने वापरल्यावर

एम.एड.ला संख्याशास्त्राचा पेपर माझा एकदा राहिला. टी-मूल्याचं (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायला काढतात ते) सूत्र पाठ होतं, कोष्टक बघून ‘0.05 स्तरावर सार्थक’ लिहिण्याचा हातही बसला होता. पण सार्थक म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एका शिकवणीला पैसे भरले, तिथेही वहीभर सूत्रंच उतरवून घेतली. मग शाळेतल्या सहकारी बाईंची मुलगी, जी पुण्यात बी.एस्सी. करते, म्हणाली, “काकू, लॅपटॉपवर आर टाकून बघा की. फुकट आहे, आणि सरावाला माहिती आतच असते.”

आर म्हणजे इंग्रजीतलं एक अक्षर, तेच संख्याशास्त्राच्या या संगणक प्रणालीचं नाव. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सुरू केली. दोघांच्या नावांचं आद्याक्षर एकच. मोठे संशोधक तिच्यावर काय काय करतात ते मला ठाऊक नाही. मी लिहितेय ते फक्त सुरुवातीच्या संख्याशास्त्राच्या सरावाबद्दल: परिकल्पना चाचणी (आकड्यांवरून एखादं गृहीतक तपासणं), कॉन्फिडन्स इंटर्व्हल (नमुन्यावरून खऱ्या मूल्याचा काढलेला अंदाजाचा पट्टा) आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीनं बदलतात).

आर उघडलं की रिकामी खिडकी आणि एक बाण. मेनूत ‘टी-चाचणी’ असं बटण शोधाल तर सापडणार नाही, सगळं टाइप करावं लागतं. पहिले चार दिवस मला नकोसं झालं होतं. कंस बंद करायचा राहिला की बाणाच्या जागी अधिकचं चिन्ह येतं आणि काहीच हलत नाही. एस्केपचं बटण दाबलं की सुटका होते, हे कळेपर्यंत मी दोनदा लॅपटॉप बंद करून चालू केला. लहान-मोठी अक्षरं त्याला वेगवेगळी वाटतात. चूक झाली की सूचना इंग्रजीत, आणि ती वाचून बहुतेक वेळा चूक कुठे आहे ते उमगत नाही.

तरीही मी त्याला चिकटून राहिले, त्याचं कारण ‘स्लीप’.

स्लीप हा आरमध्ये आधीपासून असलेला माहितीसंच. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येक औषधानं झोप किती तासांनी वाढली त्याचे आकडे. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटनं 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं जो लेख लिहिला, त्यात हेच आकडे आहेत. आपण ज्याला स्टुडंटची टी-चाचणी म्हणतो तिचा उगम त्या लेखात. मी आधी दोन स्वतंत्र गट समजून चाचणी लावली. मध्यमानं (सरासऱ्या) 0.75 आणि 2.33, पी (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता) आलं 0.079, म्हणजे 0.05 च्या वर. म्हणजे शून्य परिकल्पना (‘फरक नाही’ हे गृहीतक) नाकारता येत नाही. मग लक्षात आलं, अगं, हे वीस रुग्ण नाहीतच! तेच दहाजण दोन्ही औषधांना आहेत. जोडीची चाचणी लावली तर पी 0.0028. आकडे तेच, निर्णय उलटा.

मी वही काढली आणि दहाही फरक हातानं मांडले: 1.2, 2.4, 1.3, 1.3, 0, 1.0, 1.8, 0.8, 4.6, 1.4. सरासरी 1.58. एकालाही दुसऱ्या औषधानं कमी झोप लागलेली नाही. माणसामाणसांतल्या झोपेच्या फरकाखाली हे आधी झाकलं गेलं होतं. इंटर्व्हल आला 0.70 ते 2.46 तास. माझ्या प्रबंधात चौथीच्या मुलांचे वाचनाचे पूर्व आणि उत्तर चाचणीचे गुण आहेत. त्यांना जोडीची चाचणी का लावायची, हे मला त्या रात्री कळलं. पुस्तकात तो नियम होता, मी तो पाठही केला होता.

आरची खरी ताकद मात्र नमुने काढण्यात आहे. कॉन्फिडन्स इंटर्व्हलचा अर्थ मी कायम चुकीचा सांगत आले: ‘खरं मध्यमान यात असण्याची शक्यता 95 टक्के’. त्या मुलीनं फोनवरून पाच ओळी सांगितल्या. मध्यमान 50 आणि प्रमाण विचलन (विखुरलेपणाचं माप) 10 असलेल्या समष्टीतून (ज्यातून नमुने घेतात त्या संपूर्ण गटातून) वीस-वीसचे शंभर नमुने काढायचे, प्रत्येकाचा इंटर्व्हल आडव्या रेषेनं दाखवायचा, आणि 50 वर एक उभी रेघ मारायची. पडद्यावर शंभर रेषा आल्या, बहुतेक उभ्या रेघेला छेदणाऱ्या, सहा हुकलेल्या. पुन्हा केलं, चार हुकल्या. पुन्हा, सात. उभी रेघ जागची हलत नाही, दर नमुन्याला इंटर्व्हल सरकतो. 95 टक्के ही खात्री त्या पद्धतीची आहे, हातात आलेल्या एका इंटर्व्हलची नव्हे. असंच एकाच समष्टीतून दोन गट काढून हजार वेळा टी-चाचणी लावली, तर खरा फरक शून्य असूनही पन्नासच्या आसपास वेळा पी 0.05 च्या खाली येतं. सार्थकता स्तराचा अर्थ मला इथे दिसला.

सहसंबंधासाठी फ्रान्सिस अ‍ॅन्स्कॉम यांचे 1973 मधले चार संच आत आहेत. चारही संचांत सहसंबंध गुणांक (सहसंबंधाचं माप) जवळपास 0.816. आलेख काढा: एक साधा विखुरलेला, एक चक्क वक्र, एकात दहा बिंदू सरळ रेषेत आणि एक भलतीकडे, आणि चौथ्यात एका बिंदूच्या जोरावर सगळा सहसंबंध उभा. आता आलेख काढल्याशिवाय मी गुणांक लिहीतच नाही.

दोन गोष्टींची आधीच कल्पना असू द्या. स्वतंत्र गटांची टी-चाचणी आर आपणहून वेल्चच्या पद्धतीनं करतं, दोन्ही गटांची प्रचरणं (विखुरलेपणा) समान धरत नाही. त्यामुळे स्लीपला स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, पी काढताना लागणारा आकडा) 17.776 येते, आपल्या पुस्तकाप्रमाणे 18 हवी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. मी एक संध्याकाळ स्वतःचीच चूक शोधत बसले होते. दुसरं, जोडीची चाचणी सूत्राच्या (आरच्या ‘फॉर्म्युला’ लिखाणाच्या) रूपात लिहिण्याची जुनी पद्धत 4.4 या आवृत्तीपासून चालत नाही. जुन्या नोट्समधली ओळ जशीच्या तशी उतरवली तर चूक दाखवतं. दोन्ही स्तंभ वेगळे द्यावे लागतात. आणि कोणती चाचणी लावायची हे आर कधीच सांगत नाही. चुकीची लावली तरी तितक्याच शांतपणे उत्तर देतं, म्हणून शेजारी पुस्तक हवंच. लॅपटॉप नसेल तर फोनवर हा सराव करण्याच्या भानगडीत पडू नका.

काल रात्री ‘टूथग्रोथ’ घेतला होता. साठ गिनीपिग, त्यांना क जीवनसत्त्व संत्र्याच्या रसातून किंवा नुसतं दिलेलं, आणि दातांच्या वाढीचं मोजमाप. पी 0.061, इंटर्व्हल −0.17 ते 7.57, शून्य आत. पूर्वी मी ‘फरक नाही’ असं लिहून पान उलटलं असतं. काल ‘फरक आहे असं या माहितीवरून म्हणता येत नाही’ असं लिहिलं आणि मात्रेनुसार वेगळं करून पाहिलं. अर्ध्या मिलिग्रॅमला पी 0.006, दोन मिलिग्रॅमला 0.96. कमी मात्रेत रस पुढे, जास्त मात्रेत दोन्ही सारखे. साडेअकरा वाजून गेले होते, सकाळी सातची शाळा होती, तरी एक मिलिग्रॅमचंही करून मगच झोपले.