मॉरिशस टूर: महिना बरोब्बर निवडला, बाजू चुकली (5 पैकी साडेतीन स्टार)

जळगावच्या एका टूरवाल्याकडून मागच्या सप्टेंबरात मॉरिशसला जाऊन आलो, मी, मिसेस आणि आई. खाली तक्रारही आहे म्हणून नाव टाकत नाही, पण सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातून आता बरेच लोक बेटांवर जायला लागलेत आणि बुकिंग मात्र सगळे आपल्याच कॅलेंडरवर करतात.

आम्हीही जानेवारीच मागितला होता. आपल्याकडे जानेवारी म्हणजे भरीत पार्ट्यांचे दिवस, थंडी मस्त, आभाळ कोरडं ठाक, कापसाचे पैसे हातात. टूरवाले भाऊ म्हणाले थांबा, आणि भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं की जळगाव विषुववृत्ताच्या वर 21 अंशावर आणि मॉरिशस खाली 20 अंशावर, म्हणजे तिकडचे ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल त्यांचा उन्हाळा आणि पाऊसही त्यातच, सगळ्यात जास्त जानेवारी ते मार्च, वर चक्रीवादळाची भीती. जानेवारी 2024 मध्ये बेलाल चक्रीवादळ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून चालल्या होत्या, तो व्हिडिओच मोबाईलवर लावला. जानेवारीचं पॅकेज गळ्यात मारून मोकळं होता आलं असतं त्यांना, ते केलं नाही, याचे पूर्ण मार्क. सप्टेंबर-ऑक्टोबर तिथले सगळ्यात कोरडे महिने म्हणून सप्टेंबर ठरला, मी केळीची कांदेबाग लागवड ऑक्टोबरवर ढकलली आणि निघालो.

आता तक्रार. हॉटेल दिलं पूर्व किनाऱ्यावर, बेल मार नावाच्या गावात. रूम छान, जेवण बरं, व्हेज मागितलं की मिळायचं, त्यात काही बोलायला जागा नाही. पण वारा! दिवसरात्र समुद्राकडून एकाच दिशेने, थांबायचं नावच नाही. किनाऱ्यावरची सुरूची झाडं सगळी एकाच अंगाला कललेली, आणि हॉटेलमागे चार केळी होत्या त्यांची पानं फाटून नुसत्या चिंध्या. मी केळीवाला माणूस, वाऱ्यासाठी बागेच्या कडेला शेवरी लावणारा, ती पानं बघून पहिल्याच सकाळी समजलो की इथं हा वारा रोजचा आहे. मधूनच पाच मिनिटांची सर यायची, ऊन पडायचं, परत सर, आईचं लुगडं बाल्कनीत दोन दिवस वाळलं नाही. बोटीची ट्रिप वाऱ्यामुळे दोनदा पुढे ढकलली.

तिसऱ्या दिवशी गाडीने मधल्या पठारावर क्युरपिपला गेलो. उंची साधारण साडेपाचशे मीटर, तिथं तर धुकं आणि भुरभुर पाऊस, आईला स्वेटर घालावा लागला. तिथून पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला उतरलो, पाऊण तासाचा रस्ता, आणि खाली कडक ऊन, समुद्र तळ्यासारखा शांत, गवत पिवळं पडलेलं. आई म्हणाली, बैलाचं एक शिंग ओलं अन् एक कोरडं म्हणतात ते हेच रे.

कारण सरळ आहे. तिथं वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, आपल्या हिवाळ्या-पावसाळ्यासारखी दिशा बदलत नाहीत, आणि जून ते सप्टेंबर त्यांचा जोर जास्त. समुद्रावरून ओल घेऊन येतात, पठारावर चढताना गार होऊन ओल टाकतात आणि पश्चिमेला उतरतात तेव्हा कोरडे. मुंबईहून ट्रेनने येताना कसाऱ्याच्या घाटात काचेवर धो धो पाऊस आणि चाळीसगाव येईस्तोवर प्लॅटफॉर्म कोरडा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, तोच प्रकार, फक्त इथं सगळं एका जिल्ह्यापेक्षा लहान बेटावर. पठारावर काही ठिकाणी वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस आणि पश्चिम किनाऱ्यावर नऊशेच्या आसपास, म्हणजे आपल्या जळगावपेक्षा थोडाच जास्त. महिना इतका अभ्यास करून सांगणाऱ्या माणसाने ही बाजू सांगायला हवी होती, सप्टेंबरात आई बरोबर असताना हॉटेल पश्चिमेलाच पाहिजे. दीड स्टार त्याचा कापला.

परत आल्यावर ऑफिसात जाऊन तोंडावर सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, वहीत लिहून ठेवलं. मग बाकीच्या बेटांचं पण विचारून घेतलं. बालीसुद्धा विषुववृत्ताच्या खाली, तिथं जानेवारीत भर पावसाळा आणि जुलै-ऑगस्ट कोरडे. मालदीवला मात्र जानेवारी ते मार्च चांगले. अंदमानला आपला मान्सून केरळच्याही आधी मे महिन्यातच पोचतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा ईशान्येकडचा पण मिळतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी विचार करून जा.

आम्ही पुढच्या फेब्रुवारीचं अंदमान विचारलंय, आणि या वेळी पहिलाच प्रश्न टाकला की तेव्हा वारा कुठून असतो आणि हॉटेल कुठल्या अंगाला. कोटेशन आलं की इथंच टाकतो.