वारंवार बंद पडणारा ब्राउझर आणि फायरफॉक्समधील दोषशोधनाची साधने : सेवा केंद्रावरील अनुभव

घाटंजी तालुक्यातील आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला असो, सातबारा असो की पीकविमा, केंद्रातले जवळपास सगळे काम ब्राउझरमध्येच होते. यंदा जूनच्या मध्यापासून तो दिवसातून सहा-सात वेळा आपोआप बंद पडू लागला, आणि तोही नेमका शेतकऱ्याचा गट क्रमांक, पेऱ्याचे क्षेत्र आणि बँकेचा खाते क्रमांक भरून झाल्यावर, पासबुकाचा फोटो अपलोड करण्याच्या वेळी. फायरफॉक्स पुन्हा उघडल्यावर आधीचे टॅब परत आणतो हे खरे, परंतु ओटीपी देऊन केलेले लॉगिन आणि अर्धवट भरलेला अर्ज बहुतेक वेळा गेलेलाच असे. समोरच्या बाकावर बसलेले आजोबा “काहून वं बाई, पुन्हा गेलं काय?” असे विचारत आणि पासबुक पुन्हा पिशवीतून बाहेर काढत.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका कारागिराने दोनदा विंडोज नव्याने टाकून दिले आणि दर खेपेस ५०० रुपये घेतले. दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले. विंडोज नवे करूनही दोष टिकून राहतो, यावरूनच खरे तर मला संगणकाच्या सुट्या भागांची शंका यायला हवी होती; पण प्रत्येक वेळी मी तेच एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) आणि तोच अँटिव्हायरस परत बसवत असल्यामुळे संशय त्यांच्यावरच राहिला. म्हणून तिसऱ्यांदा पैसे देण्याआधी फायरफॉक्समध्येच असलेली साधने वापरून पाहायचे ठरवले. हे परीक्षण त्या साधनांचे आहे.

पहिले साधन म्हणजे ट्रबलशूट मोड. शिफ्ट कळ दाबून ठेवून फायरफॉक्स उघडला की सर्व एक्स्टेन्शन, थीम आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रे दाखवण्याचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवणारी सोय) तेवढ्यापुरते बंद होतात. या अवस्थेत ब्राउझर नीट चालला तर दोष यांपैकी एकात आहे असे समजावे. मात्र नेमका कशात, हे शोधायला एकेक गोष्ट पुन्हा सुरू करून पाहावीच लागते. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संगणकांवर बरेचदा हार्डवेअर ॲक्सिलरेशनच कारणीभूत असते आणि सेटिंग्जमधील परफॉर्मन्स विभागात ते कायमचे बंद करता येते. माझ्या संगणकावर मात्र या मोडमध्येही ब्राउझर पाऊण तासात कोसळला. ॲड्रेसच्या पट्टीत ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ (about:third-party) लिहिल्यावर बाहेरच्या कोणत्या सॉफ्टवेअरच्या फाइल फायरफॉक्समध्ये शिरल्या आहेत याची यादी दिसते. तीत अँटिव्हायरसच्या दोन फाइल होत्या. त्या तिथूनच अडवल्या, तरी फरक पडला नाही. फायरफॉक्स मूळ स्थितीत आणणारे रिफ्रेशचे बटणही दाबून पाहिले. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात आणि जुनी माहिती डेस्कटॉपवरील एका फोल्डरमध्ये ठेवली जाते, त्यामुळे विंडोज पुसून टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

सर्वांत उपयोगी ठरले ते ‘अबाउट:क्रॅशेस’ (about:crashes) हे पान. ब्राउझर कोसळल्याची प्रत्येक नोंद तारीख-वेळेसह तिथे जमा होते. आमच्याकडे नेटची रेंज येते-जाते, त्यामुळे निम्म्याहून अधिक अहवाल न पाठवलेल्या गटात अडकून पडले होते. ते एकेक करून पाठवल्यावरच त्यांचा तपशील उघडता आला. हा तपशील इंग्रजीत आणि प्रोग्रामरच्या भाषेत असतो, सामान्य माणसाला त्यातले फारसे कळत नाही. तरीही प्रत्येक अहवालात वरच्या बाजूला सिग्नेचर नावाची एक ओळ असते, म्हणजे कोसळताना प्रोग्राम नेमका कुठे होता त्याची खूण. एकच खूण वारंवार आली तर एखाद्या ठरावीक सॉफ्टवेअरवर संशय घ्यावा. माझ्याकडच्या १४ अहवालांत ११ निरनिराळ्या खुणा होत्या. शिवाय तपासासाठी बसवलेला दुसरा ब्राउझरही त्याच आठवड्यात तीनदा बंद पडला. दोष सॉफ्टवेअरमध्ये असता तर तो इतक्या ठिकाणी विखुरलेला दिसला नसता, आणि अशा वेळी रॅम, म्हणजे संगणकाची कामापुरती मेमरी, तपासावी लागते.

कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याच्या जाळीत कापसाच्या तंतूंचा बोटभर जाड थर बसलेला दिसला. दिवाळीनंतर चांगल्या बाजारभावाची वाट पाहत आमचा कापूस शेजारच्याच खोलीत पडून असतो, त्याचा हा प्रसाद. तो थर जुन्या रंगाच्या ब्रशने काढल्यावर पंख्याचा आवाज निम्म्यावर आला, पण ब्राउझर दुसऱ्या दिवशी पुन्हा कोसळला. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक मुलाच्या खोडरबराने घासले आणि विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालवले. नेहमीच्या चाचणीत काहीच आढळले नाही. एफ१ कळ दाबून विस्तृत चाचणी निवडली आणि संगणक इन्व्हर्टरवर रात्रभर चालू ठेवला, तेव्हा सकाळी हार्डवेअरमध्ये दोष असल्याचा संदेश आला. एकेक पट्टी आळीपाळीने काढून पाहिल्यावर दुसरी खराब निघाली.

सारांश काय, तर फायरफॉक्सचा यात काहीच दोष नव्हता. उलट बिघाड आपल्यात नाही, हे दाखवणारा पुरावा त्यानेच जमवून ठेवला होता. मोफत मिळणाऱ्या आणि मराठीतही उपलब्ध असलेल्या ब्राउझरकडून एवढी सोय मिळते हे मी मोठे मानते, मात्र ही पाने मेन्यूत सहज सापडत नाहीत, त्यांची नावे माहीत असावी लागतात. माझ्यासारखे केंद्र चालवणाऱ्यांनी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

सध्या ४ जीबीच्या एकाच पट्टीवर काम भागते आहे. टॅब फार वाढले की संगणक मंदावतो, मग शिफ्ट आणि एस्केप या कळा दाबून कोणता टॅब किती मेमरी खातो ते पाहते आणि तो बंद करते. ‘अबाउट:क्रॅशेस’च्या पानावरची सर्वांत अलीकडील नोंद अजून २७ जुलैचीच आहे.