साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळचं हृदयतपासणी केंद्र: नीट समजावून सांगणारे डॉक्टर

मी अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावचा. टेरिटोरियल आर्मीत आठ वर्षं झाली. ट्रेनिंगला युनिटात, बाकी वर्षभर शेती. यंदा यवतेश्वर घाटात पळताना डोळ्यांपुढं अंधारी आली. आधी एका दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. मग इथं टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत १९ मिलिमीटर. दुसरं कारण नसताना १५ किंवा जास्त भरली की हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी धरतात, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होतो. मी एवढंच विचारलं, "साहेब, वर्दी?"

बाहेर रांग होती, तरी त्यांनी खुर्ची ओढून घेतली. म्हणाले, निर्णय मिलिटरीच्या मेडिकल बोर्डाचा. सैनिकाची तंदुरुस्ती ठरवणाऱ्या 'शेप' वर्गवारीतला 'पी', म्हणजे शारीरिक क्षमता, तिथं वर्ग खाली येऊ शकतो. पण लपवून पळायला गेलास तर जीव जाईल, हे त्यांनी माझा हात धरून सांगितलं. रडू आलं. आमच्या गावात वर्दी म्हणजे काय, ते त्यांना कळत होतं.

रिपोर्टात प्रत्येक माप लिहिलंय, सोबत सीडी. बोर्ड पुढच्या महिन्यात आहे. गाडी लावायला जागा नाही, सकाळी लवकर जा.

हा आजार बहुधा आनुवंशिक, म्हणून भावालाही बोलावलं. तो भरतीची तयारी करतोय. काल त्याचा इको झाला. भिंत १० मिलिमीटर. आईनं तो आकडा तीनदा वाचून घेतला.