आठ महिन्यांचा वेव्हमेकर: बसवायचा पाण्याखाली, बघायचं पाण्यावर

वेव्हमेकर म्हणजे टाकीच्या काचेला चुंबकाने चिकटवायचा, पाण्याखाली झोत सोडणारा छोटा पंप. एप्रिलमध्ये घेतला, आता डिसेंबर चालू आहे. ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या घरी तीन फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी आहे आणि तिच्यात बाबांचे चार गोल्डफिश. एप्रिलच्या उकाड्यात पाणी 31 अंशांवर गेलं आणि पहाटे चौघेही वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. बाबा चहाच्या आधी टाकीपाशी जायचे, ते भीतभीतच. म्हणून हा घेतला.

गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. त्यातून रात्री टाकीतल्या वनस्पतीही तोच वापरतात. एअर पंप आमच्याकडे होता, पण छोटा. बुडबुडा वर येईपर्यंत स्वतः फार थोडा ऑक्सिजन देतो. त्याचा खरा उपयोग पाणी सोबत वर ओढण्यात आहे. हवा पाण्यात शिरते ती मुख्यतः पृष्ठभागातूनच, आणि पाणी हललं नाही तर वरच्या पातळ थरातच अडकून राहते. स्थिर पाण्यात ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा जवळपास दहा हजार पट सावकाश पसरतो.

मी पहिल्या दिवशी वेव्हमेकर तळाजवळ आडवा लावला. खाली झाडं वाऱ्यात असल्यासारखी डोलत होती, वर मात्र पाणी आरशासारखं. दुसऱ्या दिवशी मासे पुन्हा वर. मग अगदी वर, जेमतेम दोन बोटं पाण्याखाली लावला. तिथे पृष्ठभागावर खळगा पडून भोवरा झाला, हवा आत ओढली जाऊ लागली, घरघर सुरू झाली आणि सगळं पाणी बारीक फेसाने दुधट झालं.

चालली ती तिसरी जागा. चार इंच खाली, तोंड किंचित वर. झोत टाकीच्या मध्याच्या थोडा पुढे पृष्ठभागाला भिडतो, तिथे पाणी मंद उकळल्यासारखं फुगतं आणि त्या फुगवट्यापासून सुरकुत्या पसरतात. कोरडं खाद्य चुरून टाकलं तेव्हा वाट स्पष्ट दिसली: कण वरून समोरच्या काचेपर्यंत गेले, भिजलेले काचेलगत खाली उतरले आणि तळावरून परत आले. असा पूर्ण फेरा दिसला, तेव्हाच मी हात काढला. तिसऱ्या पहाटे चारही मासे खाली, वाळू हुंगत होते. बाबांनी मला झोपेतून उठवून दाखवलं.

माझा एक गैरसमज इथे सुटला. मला वाटायचं, लहरीच ऑक्सिजन खाली नेतात. पण लहरीची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जवळपास संपते. आमच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या लहरी दीड सेंटिमीटरखाली पोचतच नाहीत. खाली नेतो तो झोत. लहर फक्त सांगते, झोत वरपर्यंत आला आहे. तेव्हापासून तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलं की वारा नसताना उठलेलं वलय मी पाहत राहते: काही पडलेलं नसतं, खाली मासा वळलेला असतो. तोच मासा खोलवर वळला तर वर काहीच कळत नाही.

पावसाळ्यात एकदा सुरकुत्या मंदावल्या. मला वाटलं मोटर गेली. वेव्हमेकरच्या स्पंजमध्ये शेवाळ भरून झोत कमजोर झाला होता, त्यामुळे वर खाद्याचा तेलकट तवंग जमला होता आणि तवंग लहरी दाबतोच. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या क्लॅपहॅम तळ्यावर चमचाभर तेलाने जवळपास अर्धा एकर पाणी शांत केलं, ते 1774 मध्ये छापून आलं होतं. आमच्या टाकीला तर थेंबसुद्धा पुरला असणार. स्पंज धुतला, कागद अंथरून तवंग टिपला, लहरी परत आल्या. आता दर पंधरा दिवसांनी धुते.

तक्रारी आहेत. चुंबकाच्या कडेला सहाव्या महिन्यात गंज दिसला. कंपनीला फोटो पाठवले, अजून उत्तर नाही. गंजलेलं चुंबक पाण्यात ठेवायचं नाही म्हणून ते बदललं. पूर्ण वेगावर झोत गोल अंगाच्या, दुहेरी शेपटीच्या गोल्डफिशना झेपत नाही, ते कोपऱ्यात दबून राहतात. आम्ही निम्म्या वेगावर चालवतो. पाण्याची वाफही जास्त होते, आठवड्याला एक बादली भर घालावी लागते.

वीज गेली की मिनिटाभरात वरचं पाणी काचेसारखं होतं. उन्हाळ्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवलाय, त्याचा बुडबुडे सोडणारा दगड टाकीच्या मधोमध तळाशी.