ओर्का: आठ महिन्यांनंतर, एका फ्रिक्वेन्सीमुळे लिहितेय

गेल्या गुरुवारी ग्रुप मीटिंगमध्ये प्रेझेंटेशनची तालीम होती. ट्रान्झिशन स्टेटची (अभिक्रियेच्या वाटेवरच्या सर्वोच्च बिंदूवरच्या रचनेची) स्लाइड आली आणि सरांनी एवढंच विचारलं, "इमॅजिनरी फ्रिक्वेन्सी किती?" उत्तर नव्हतं. रेणूची कंपनं काढणारं फ्रिक्वेन्सी कॅल्क्युलेशन मी लावलंच नव्हतं.

ओर्का हे रेणूंची क्वांटम गणितं करणारं सॉफ्टवेअर शैक्षणिक वापराला फुकट आहे, पण लॅपटॉप माझाच, चार कोअर आणि १६ जीबीचा. त्यामुळे वेळ वाचवायची सवय लागली: ऑप्टिमायझेशन (रेणूची रचना नेमकी बसवणं) संपलं की पुढचा रेणू. (नवीन असाल तर: मेमरीची मर्यादा सांगणारा मॅक्सकोअरचा आकडा (एमबीमध्ये) प्रत्येक कोअरसाठी असतो, एकूण मेमरीचा नव्हे. मी चार कोअरला ४००० लिहून दोन आठवडे जॉब मारले.)

त्या रात्री फ्रिक्वेन्सी लावली. सकाळी दोन ऋण आकडे (सेमी⁻¹ मध्ये), म्हणजे दोन इमॅजिनरी फ्रिक्वेन्सी! −४१२, म्हणजे बंध तुटतोय तो, हवाच होता. आणि −२३: एक मिथाइल गट नुसता फिरतोय. स्थिर रेणूला असा एकही आकडा नको, ट्रान्झिशन स्टेटला नेमका एक हवा.

आधी वाटलं, एवढ्याशा −२३ ने काय बिघडतं? गणिताची ग्रिड अधिक बारीक (डेफग्रिड३) केली, ऑप्टिमायझेशन टाइट केलं, तरी तो हटेना. मग अ‍ॅव्होगाड्रो या रेणू-संपादकात मिथाइल त्या मोडच्या (कंपनाच्या) दिशेनं जरा वळवला आणि पुन्हा ऑप्टिमाइझ केलं. गेला. आता मत पार बदललंय, कारण मुक्त ऊर्जेचा अडथळा (प्रति मोल) १.४ किलोकॅलरींनी उतरला. इमॅजिनरी मोड एन्ट्रॉपीत धरलाच जात नाही. तो खरा कंपन-मोड झाल्यावर हिशेबात आला, आणि रचनेची ऊर्जाही थोडी कमी झाली. २५ अंशांना १.३६ किलोकॅलरी म्हणजे वेगात दहापट फरक. माझ्या स्लाइडवरचा वेग तेवढा चुकलेला होता.

स्लाइडही बदलली. आधी हार्ट्रीमध्ये सहा दशांश स्थळं होती. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी, समोरच्यानं त्यातून काय वाचायचं? आता अभिकारकाच्या तुलनेत किलोकॅलरी, एकच दशांश स्थळ, खाली गणिताची पद्धत, म्हणजे बी३एलवायपी-डी३ आणि बेसिस सेट. शेजारी त्या एकुलत्या मोडचं चार सेकंदांचं अ‍ॅनिमेशन, बंध तुटताना दिसतो.

आयआरसी (अभिक्रियेची वाट शोधणारं कॅल्क्युलेशन) बाकी आहे. ही ट्रान्झिशन स्टेट दोन्ही बाजूंना कुठे उतरते ते पाहिल्याशिवाय ती स्लाइड दाखवणार नाही. जॉब आज रात्री लावतेय.