टाकीतला फ्युएल पंप घरी बदलला: आठ महिन्यांनंतर

पंप बसवून आठ महिने झाले, गाडी नऊ हजार किलोमीटर पळाली. पहिल्याच सेल्फला इंजिन धरतं, चढावर पिकअप पडत नाही आणि बसवल्या दिवशी रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी इंजिनावरची नळी) दाब ३.५ बार होता, तो आजही तेवढाच आहे. तरी या रिव्ह्यूत पंपापेक्षा त्याच्या आसपासच्या किरकोळ वस्तूंबद्दल जास्त लिहिलं आहे. नवा कोरा पंप काही महिन्यांत गेला की सगळे मोटरला शिव्या देतात. पण जाळी, नळी, सील आणि कनेक्टर या चौघांकडे आधी बघावं.

गाडी पेट्रोलची, मल्टिपॉइंट इंजेक्शनची. पंप टाकीत, वरचं झाकण मागच्या सीटखाली. बदलला तो फक्त पंप. त्याला धरून ठेवणारा प्लास्टिकचा सांगाडा, फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) आणि वरचं झाकण जुनंच. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीतही टाकीतला पंप असाच असतो, पण इंजिनावरचा दुसरा पंप शंभर बारच्या पुढे दाब देतो. त्या बाजूची एकही नळी घरी सैल करायची नाही. कॉमन रेल डिझेलचं तर नावच नको.

आधी तपासणी, मग खरेदी. किल्ली ऑनवर नेली की मागून दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज येतो आणि थांबतो. आवाज आलाच नाही तर फ्यूज, रिले आणि मग कनेक्टरवरचा व्होल्टेज, याच क्रमाने जावं. टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने दोन टपल्या मारल्यावर पंप सुरू झाला, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत. मग पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नये, पंप बदलायलाच झाला.

व्होल्टेज मोजताना हमखास चूक होते ती म्हणजे कनेक्टर काढून मोजणं. लोड नसताना गंजलेली तारही बारा व्होल्ट दाखवते. कनेक्टर जोडलेला ठेवून, पंप चालू असताना मागच्या बाजूने प्रोब घालावा. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको, अर्थच्या (मायनस) बाजूलाही तेवढीच मर्यादा. घट जास्त असेल तर नवा पंपही तेवढ्याच भुकेने चालणार आणि गाडी तशीच झटके मारणार. फक्त एक ध्यानात ठेवा: काही गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल पंपाला तुकड्यातुकड्याने वीज देऊन त्याचा वेग कमी-जास्त करतं. तिथे मीटरवर आठ-नऊ व्होल्ट दिसले म्हणून दचकू नये.

यानंतर दाब. रेलवर टायरसारखा व्हॉल्व असेल तर गेज थेट लागतो. रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) नसलेल्या गाड्यांत साधारण ३.५ ते ४ बार लागतात. जुन्या, रिटर्न असलेल्या गाड्यांत आयडलवर २.५ च्या आसपास आणि रेग्युलेटरची (दाब ठरावीक राखणारा भाग) व्हॅक्यूम नळी काढली की ३. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. रिटर्नची नळी रबरी असेल तर ती क्षणभर दाबून बघा: दाब एकदम वर गेला तर पंप चांगला आहे, रेग्युलेटर गेला आहे. नायलॉनची नळी मात्र चिमटू नका, ती तडकते.

अँपमीटर असेल तर अजून बरंच कळतं. असे पंप साधारण ४ ते ७ अँप घेतात. पुढचा फिल्टर चोंदला की पंपाला जोर लावावा लागतो आणि अँप वाढतात. पंपाखालची जाळी चोंदली किंवा तो हवा ओढायला लागला की अँप उलट कमी होतात. स्कॅनरवर पी०१७१ किंवा पी००८७ हा दोषाचा कोड आला एवढ्यावर पंप मागवू नका. पहिल्याचा अर्थ इतकाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, दुसऱ्याचा की रेलमधला दाब कमी आहे. का कमी, ते कोड सांगत नाही.

आता फक्त पंप घ्यायचा की पूर्ण मॉड्यूल, म्हणजे पंप, सांगाडा, फ्लोट आणि झाकण एकत्र? वरच्या झाकणातली पिन जळून तपकिरी झाली असेल, सांगाडा तडकला असेल किंवा पेट्रोलचा काटा वेड्यासारखा नाचत असेल, तर सरळ मॉड्यूल घ्या. बाकी ठीक असेल तर नुसता पंप पुरतो, पण त्याच्यासोबत नवी जाळी, नवी ओ-रिंग (झाकणाखालचं गोल रबरी सील), टाकीतली नळी आणि क्लॅम्प घेतलेच पाहिजेत. पंपाचा व्यास, खालचं तोंड मध्यभागी आहे की बाजूला, दाब आणि ताशी लिटर हे जुन्याशी जुळवून घ्या. जास्त लिटरचा पंप लावून पिकअप वाढत नाही. जास्तीचं पेट्रोल रेग्युलेटरला परत पाठवावं लागतं, त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की दाब चढतो, शिवाय जास्त अँपने तारा तापतात.

यातली टाकीतली नळी हा विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. बाहेरून वापरायचा साधा फ्युएल होज आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून नाही. टाकीत तो दोन्ही बाजूंनी बुडालेला असतो. हळूहळू फुगतो, बोटाने दाबला तर जेलीसारखा लागतो, आणि मग क्लॅम्पजवळ चिरतो. ही गळती टाकीच्या आतच होते, त्यामुळे ना वास, ना थेंब. पंप घूं करतोय, अँप ठीक आहेत आणि दाब मात्र दीड बारवर लोंबकळतोय, अशी विचित्र अवस्था येते आणि चांगला पंप भंगारात जातो. टाकीत बुडवण्यासाठीचा होज वेगळा येतो, त्यावर एसएई जे-३० आर-१० असं छापलेलं असतं. आर-७ आणि आर-९ टाकीच्या बाहेरचे. कंपनीची नागमोडी नायलॉन नळी मिळाली तर तीच लावावी. ती चढवताना गरम पाण्यात टोक बुडवून मऊ करायचं. हीट गन किंवा लायटर पेट्रोलच्या आसपास फिरकूही देऊ नका. क्लॅम्प गुळगुळीत कडेचा किंवा एका कानाचा घ्यावा. खाचा असलेल्या पट्टीचा साधा क्लॅम्प आवळला की होजमध्ये रुततो.

कामाला बसताना टाकी पावपेक्षा कमी भरलेली हवी. भरल्या टाकीत झाकण उघडलं की पेट्रोल सीटखाली येतं. गाडी उघड्यावर उभी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत दूरच्या गॅस गीझरच्या पायलट ज्योतीपर्यंतही पोचते, आणि पेट्रोल उणे ४० अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे थंडीत भीती नाही हा समज चुकीचा. पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक हाताशी, नायट्राइलचे हातमोजे, एलईडीचा दिवा. हात घालण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवावी.

पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडेल. पुन्हा दोनदा सेल्फ मारला की लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीचं मायनस काढायचं. सीट उचलल्यावर झाकणाभोवती इतकी धूळ असते की आश्चर्य वाटावं. झाकण आवळून धरणारी लॉक रिंग उघडण्याआधी ती ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ झाली पाहिजे. रिंग सुटल्यावर साफ करायला गेलात तर सगळी टाकीत.

नळीचा क्विक कनेक्टर आधी आत ढकलावा, मग दोन्ही कान दाबून ओढावा. उलट केलं की जुने कान मोडतात. लॉक रिंगसाठी खास पाना नसेल तर लाकडी ठोकळा किंवा पितळेचा दांडा चालतो. पोलादी छिन्नी नको, ठिणगीचं काम नाही. मॉड्यूल वर घेताना तिरकं करून फ्लोटची काडी अलगद सोडवावी. त्याच्या भांड्यात बरंच पेट्रोल साठलेलं असतं, त्याखाली ट्रे तयार ठेवा. टाकीच्या भोकावर धागे न सुटणारं कापड टाका. टाकी प्लास्टिकची असेल तर उघड्या तोंडावर लॉक रिंग परत फिरवून ठेवावी. नाहीतर तोंड थोडं फुगतं आणि तासाभराने ती आटेच धरत नाही.

जुना पंप काढताना जाळी कुठल्या कोनात आहे ते मार्करने खूण करून घ्या. जाळीचं तोंड तिरपं बसलं तर ती टाकीच्या तळाला दुमडते आणि कमी पेट्रोलवर हवा ओढते. पंपाभोवतीचं रबरी कव्हर विसरू नका, त्याशिवाय सीटमधून भुणभुण ऐकू येते. तारांची प्लस-मायनस दोनदा बघा, कारण उलट्या जोडल्या तर मोटर उलटी फिरते: आवाज भरपूर, दाब जवळजवळ शून्य. टाकीत बुडणाऱ्या तारेवर चिकटपट्टी गुंडाळायची नाही, तिचा गोंद पेट्रोलमध्ये विरघळतो. आणि बसवण्याआधी ‘वाजतो का बघू’ म्हणून पंप कोरडा फिरवू नका. त्याचं वंगण आणि थंडावा दोन्ही पेट्रोलच. शिवाय उघड्या टाकीशेजारी वायर टेकवून ठिणगी पाडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

सगळ्यात कटकटीचा भाग ओ-रिंगचा. जुनी रिंग पेट्रोल पिऊन लांबलेली असते, ती खोबणीत परत बसत नाही, सापासारखी बाहेर येते. नवी रिंग टाकीच्या तोंडावरच्या खोबणीत आधी पूर्ण बसवायची, बोट फिरवून बघायचं, मग वरून झाकण सरळ दाबायचं, खुणेचे बाण जुळवायचे आणि दुसऱ्या हाताने लॉक रिंग आटे धरेपर्यंत फिरवायची. सिलिकॉन लावायचा मोह होतो, लावू नये. पेट्रोलमध्ये ते टिकत नाही आणि त्याचे तुकडे नव्या जाळीवर जाऊन बसतात.

बॅटरी जोडायची ती टाकी बंद करून, वास उडून गेल्यावर. किल्ली ऑन, तीन सेकंद, बंद, असं चार-पाच वेळा. नळीच्या जोडावर ओल नसेल तरच सेल्फ. सीट लगेच बसवू नका. वरच्या सीलची गळती अर्ध्या टाकीला दिसत नाही, टाकी फुल करून दोन वळणं घेतल्यावर दिसते. इथेही तेच झालं: पहिल्यांदा टाकी फुल भरली आणि वळणावर मागे वास आला. उघडल्यावर ओ-रिंग एका बाजूला बोटभर पिळलेली निघाली. दुसरी नवी रिंग टाकल्यावर वास गेला.

आठ महिन्यांतला पंपाचा हिशेब असा. पहिल्या आठवड्यात आवाज जुन्यापेक्षा जास्त होता, मग मऊ झाला. अँप ४.८ वरून ४.९, म्हणजे काहीच फरक नाही. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दोन बारच्या वर दाब शिल्लक राहतो, म्हणजे चेक व्हॉल्व (पेट्रोल उलटं परत जाऊ न देणारा) धरतोय. टाकी एक-अष्टमांशाच्या खाली गेली की आवाज चढतो. भांड्यात पेट्रोल राहतं म्हणून पंप लगेच कोरडा पडत नाही, पण उतारावर आणि लांब वळणावर भांडंही रिकामं होतं. त्यामुळे पाव टाकीला भरायची सवय चांगली.

बाहेरचा फिल्टर पंपाबरोबरच बदलला होता, तो सहा महिन्यांनी काढून पाहिला. पेट्रोल येण्याच्या बाजूने पांढऱ्या बरणीत उलटा केला तर चहाच्या गाळासारखी बारीक तपकिरी पूड आणि तळाला पाण्याचे दोन मणी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीतला जुना थर सोडवतं आणि पाणीही धरतं. पाणी वेगळं झालं की ते तळाला, नेमकं जाळीपाशी बसतं. टाकी जुनी असेल तर पंपानंतरचा पहिला फिल्टर ठरल्या वेळेच्या आधीच बदलावा. त्याच दिवशी कनेक्टर उघडून पिना पाहिल्या: चकचकीत, कुठे तपकिरी डाग नाही.

एक दोष राहिला आहे आणि तो पंपाचा नाही. मॉड्यूल आत घालताना फ्लोटची काडी किंचित वाकली असावी. काटा पाव दाखवतो तेव्हा टाकीत त्याहून सात-आठ लिटर जास्त असतं. रिकामी टाकी भरलेली दाखवण्यापेक्षा हे परवडलं, म्हणून पुढच्या वेळी टाकी उघडेपर्यंत ते तसंच ठेवलं आहे.