कपातीच्या महिन्यातलं 'मनोबल' वर्कशॉप: 5 पैकी 2, त्यातला एक जिलबीचा

मे महिन्यात आमच्या कॉलेजने स्टाफसाठी दोन दिवसांचं मनोबल वाढवायचं वर्कशॉप ठेवलं होतं, बाहेरून ट्रेनर बोलावून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कॉलेजचं तर नाहीच, अजून तिथेच नोकरी करतोय. शेवटी फीडबॅक फॉर्म होता पण त्यात एम्प्लॉयी कोड टाकल्याशिवाय सबमिटच होत नव्हता, त्यामुळे आम्ही 64 जणांनी सगळीकडे 5 पैकी 5 दिले. मी पण दिले. तर खरा फीडबॅक इथे लिहितोय.

आधी थोडं बॅकग्राउंड. कॉलेज विनाअनुदानित इंजिनिअरिंगचं, मी मेकॅनिकलला, 11 वर्षं झाली. मेकॅनिकल आणि सिव्हिलचं काय झालंय ते सगळ्यांना माहीतच आहे, पोरांना एआय आणि डेटा सायन्स पाहिजे, आमच्याकडे ॲडमिशनच्या सीझनला आम्हीच ज्युनियर कॉलेजांच्या गेटवर उभं राहून बारावीच्या पोरांचे नंबर गोळा करतो. त्यात एआयसीटीईने, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेने, 2018-19 पासून शिक्षक-विद्यार्थी प्रमाण 1:15 चं 1:20 केलं, म्हणजे 60 चा इनटेक, वर्षाला 60 जागा, अशी चार वर्षं धरली तर 240 पोरांमागे आधी 16 शिक्षक लागायचे ते 12 वर आले. आणि हे सगळ्या जागा भरल्या तर. आमच्या वर्गात एके वर्षी 17 पोरं होती, त्यातली 9 यायची.

तर एप्रिलपासून एकेकाला केबिनमधे बोलवायला सुरुवात झाली. यादी कुणी बघितली नव्हती. शिपाई मामा स्टाफरूमच्या दारात आले की सगळे माना खाली घालून पेपर तपासायला लागायचे, मामा पण बिचारे नाव मोठ्याने घ्यायचे नाहीत, जवळ येऊन टेबलावर बोट टेकवायचे. आत गेलं की एकच कॅसेट, वर्कलोड नाही सर, शिकवायला तासच नाहीत, तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देतो. 11 जणांना असा नारळ मिळणार आहे एवढं बाहेर आलं होतं, कोण कोण ते नव्हतं आलं. पगार तीन महिन्यांचा थकलेला. आणि या सगळ्यात नोटीस बोर्डावर वर्कशॉपचा कागद, हजेरी सक्तीची, सीएल म्हणजे किरकोळ रजा चालणार नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

आता वर्कशॉप. ट्रेनर माणूस वाईट नव्हता हे आधी सांगतो, आवाज चांगला, वेळेवर सुरू केलं, माईक दोनदा बंद पडला तरी चिडला नाही. पण त्याला कुणी काही सांगितलंच नसावं असं वाटलं. पहिल्या दिवशी सकाळी टीम पाडून पेपर स्ट्रॉ आणि टेपचा टॉवर बांधायला दिला, सगळ्यात उंच टॉवर जिंकणार. आमच्या टीममधे सिव्हिलचे सर होते, 18 वर्षं आरसीसी शिकवलेला माणूस, त्यांनी शांतपणे विचारलं की बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे खालच्या जमिनीची भार पेलायची ताकद, किती धरायची. हॉल हसला, ट्रेनर पण हसला. मग त्यांनी खरंच मन लावून बेस रुंद करून टॉवर उभा केला आणि आम्ही जिंकलो, बक्षीस म्हणून कॉलेजचाच लोगो असलेलं पेन मिळालं. पुढच्या सोमवारी सरांना केबिनचं बोलावणं आलं. ते पेन त्यांनी ड्रॉवरमधेच सोडलंय, मी बघितलं.

जेवणाबद्दल. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलबी. जिलबी गरम होती आणि दुसऱ्यांदा मागितली तरी वाढत होते. एक स्टार तिचा, यात कुणाचं दुमत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरं होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या एक मॅडम उठल्या आणि सरळ म्हणाल्या, सर आमचं मनोबल ठीक आहे हो, ही यादी कुठल्या निकषावर बनवली तेवढं सांगा म्हणजे झोप लागेल. ट्रेनर म्हणाला हा माझा विषय नाही मॅडम, तुम्ही तुमच्या प्रतिनिधींशी बोला.

आणि हॉलमधली निम्मी मुंडकी माझ्याकडे वळली.

कारण प्रतिनिधी मीच. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात कलम 97 आहे, प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती पाहिजे, सीडीसी म्हणतात तिला, त्यात संस्थेची माणसं असतातच पण शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक, त्यात किमान एक बाई, आणि शिक्षकेतरांमधून निवडलेला एक जण असतो, वर्षातून चार तरी मीटिंगा व्हायला पाहिजेत. आमच्याकडे निवडणूक म्हणजे ऑफिसने ग्रुपवर तीन नावं टाकली आणि खाली सगळ्यांनी अंगठे दिले, कॉलेजांची ग्रेड ठरवणाऱ्या नॅकला दाखवायला कमिटी लागते म्हणून. माझं नाव का, तर मी कधी वाद घालत नाही. मीटिंग म्हणजे चहा, बिस्कीट आणि फिरत येणारं रजिस्टर. त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्याकडच्या इतिवृत्तांच्या झेरॉक्स काढून वाचल्या, पहिल्यांदाच, आणि डिसेंबरच्या मीटिंगमधे विषय क्रमांक 6 होता, मेकॅनिकल व सिव्हिल शाखांच्या प्रवेशक्षमतेचा व मनुष्यबळाचा आढावा, सर्वानुमते मंजूर. खाली माझी सही. मला तो विषय आठवतसुद्धा नव्हता, बिस्कीट कुठलं होतं ते आठवत होतं. मला केबिनचं बोलावणं आलं नव्हतं हे अजून एक, त्यामुळे स्टाफरूममधे माझ्याशी बोलणं लोकांनी कमी केलं होतं ते मला उशिरा कळलं.

जे काही हललं ते आमच्या अण्णांमुळे. वर्कशॉपमधले म्हणजे खऱ्या वर्कशॉपमधले, फिटिंगचे इन्स्ट्रक्टर, शिक्षकेतरांचे प्रतिनिधी. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, सर तुम्ही लिहून द्या, सही मी पहिली करतो. आम्ही एक पानी अर्ज केला, सीडीसीची मीटिंग लावा, सेवाज्येष्ठता यादी आणि शाखावार वर्कलोडचा तक्ता सभासदांना द्या. ऑफिसमधे क्लार्क म्हणाला ठेवा टेबलवर, साहेब आले की बघतील. अण्णा जागचे हलले नाहीत, म्हणाले आवक नंबर टाका आणि आमच्या कॉपीवर शिक्का मारा, मला घाई नाही. वीस मिनिटं उभे होते तिथे पंख्याखाली. शिक्का मिळाला.

मीटिंग लागली, तक्ता आला, आणि तक्त्यात पहिल्या वर्षाचं वर्कलोड धरलंच नव्हतं. आता एआयची पोरं किती का येईनात, पहिल्या वर्षाला त्यांना इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स शिकवणार कोण, आमचेच लोक शिकवतात ना. ते तास मोजले तेव्हा 11 मधले 2 वाचले. दोनच. सिव्हिलचे सर त्यात नव्हते, ते मीटिंगच्या आधीच राजीनामा देऊन बसले होते.

या राजीनाम्याचंच वाईट वाटतं. एका रविवारी प्राध्यापक संघटनेच्या एका रिटायर्ड सरांनी त्यांच्या घरी तासभर बसवून समजावलं, फुकट, चहासकट, माझ्याकडून 5 पैकी 5 आणि एम्प्लॉयी कोड न मागता. त्यांनी सांगितलं की शिक्षक औद्योगिक कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, सुप्रीम कोर्टाने 1988 मधे गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमधे ते ठरवून टाकलंय, त्यामुळे कारखान्यातली कपातीची भाषा इथे बोलू नका, आपल्याला विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरण आहे, कलम 81 खाली अपील, पण आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत. आणि अपील होतं ते काढून टाकल्याच्या आदेशावर, स्वतःहून राजीनामा दिलाय म्हटल्यावर अपील करणार कशावर. आता कळलं केबिनमधे दाखल्याचं एवढं गोड का बोलतात. ग्रॅच्युइटीचं मात्र राजीनामा दिला तरी 5 वर्षं झाली असतील तर मिळते, शिक्षकांना ती लागू असल्याची दुरुस्ती 2009 ला झाली आणि 1997 पासून लागू धरली, संस्थाचालक कोर्टात गेले होते पण 2022 मधे सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. हिशोब सोपा आहे, शेवटचं महिन्याचं बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) भागिले 26 गुणिले 15 गुणिले वर्षं. म्हणजे 52,000 असेल तर वर्षाला 30,000, 11 वर्षांचे 3,30,000. आमच्यातल्या किती जणांना हे माहीत होतं? मला नव्हतं, आणि मी आकडेमोड शिकवतो.

तर वर्कशॉप घ्यावं का, असं कुणा प्रिन्सिपल साहेबांनी हे वाचून विचारलं तर, ॲडमिशन चांगल्या झालेल्या वर्षी घ्या, पोरं टोरं सगळी खूश असताना, तेव्हा टॉवर बांधायला मजा येईल. कपातीच्या महिन्यात तेवढ्या पैशात यादीचे निकष छापून बोर्डावर लावा, झेरॉक्सचा खर्च 2 रुपये, आणि उरलेल्यातून थकलेला पगार द्या.

दुसरा स्टार कशाचा ते राहिलं. ट्रेनरने रोज सकाळी सुविचार पाठवायला एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. राजीनामे दिलेल्यांना कॉलेजच्या ग्रुपवरून ऑफिसने त्याच दिवशी काढलं, पण या ग्रुपचा ॲडमिन ट्रेनर, त्याला काही पत्ताच नाही, त्यामुळे तिथे अजून आम्ही सगळे 64 जण आहोत. सकाळी सात वाजता सूर्योदयाचा फोटो येतो, त्याखाली दिवसभर कुठल्या पॉलिटेक्निकला जागा निघाली, कुणाचा पीएफ अडकला, हेच चालू असतं. काल सिव्हिलच्या सरांनी ग्रॅच्युइटीच्या अर्जाचा नमुना टाकला, त्यावर ट्रेनरने नमस्काराचे हात पाठवले.